पिवळी मतं

बोरखडीच्या मतदान केंद्राचा अध्यक्ष म्हणून माझ्या नावाला दिल्ली आणि मुंबई एकाच दिवशी तयार झाल्या, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. गेली दोन वर्षं या दोघींचं बोटाला लावायच्या शाईवरूनसुद्धा एकमत होत नव्हतं. आणि माझ्यासारख्या हायस्कुलातल्या विज्ञानशिक्षकाच्या नावावर मात्र दोघींनी डोळे झाकून सही केली. का? मी काही एवढा गोड माणूस नाही. गावात कुणालाही विचारा.

भांडण तुम्हाला ठाऊक असेलच, तरी थोडक्यात सांगतो. पूर्वी सरळ वाटणी होती. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुका दिल्लीकडे आणि ग्रामपंचायत, नगरपंचायत, झेडपी राज्याकडे. मग नवा कायदा आला. देशातली प्रत्येक निवडणूक, अगदी आमच्या प्रभागाचीसुद्धा, यापुढे केंद्रीय मतदान प्राधिकरण घेणार. कारण काय, तर गावपातळीवर लोक दबावाखाली मतं देतात आणि राज्य तिकडे काणाडोळा करतं. राज्य मतदान मंडळ म्हणालं, दबावाचं निमित्त आहे, तुम्हाला आमचं घर बळकावायचंय. मला विचाराल तर दोघंही खरं बोलत होते. प्रकरण कोर्टात गेलं, आणि निकाल लागेपर्यंत काही गावांत चाचणी घ्यायची असं ठरलं. त्यात आमच्या प्रभागाची पोटनिवडणूक सापडली. यंत्र राज्याचं, आणि त्याच्या बटणावर बसवलेलं उपकरण दिल्लीचं.

एरवी स्वतःच्या गावात हे काम कुणाला देत नाहीत. पण मुंबईने पाठवलेला माणूस दिल्लीला नको होता आणि दिल्लीचा मुंबईला. शेवटी तडजोड निघाली: स्थानिक, कुठल्याच पक्षात नसलेला, शिस्तीचा. म्हणजे मी, हणमंत तोडकर. केंद्रही माझ्याच हायस्कुलात, माझ्याच वर्गात. उमेदवार दोन, आबा माझा चुलतभाऊ आणि दिलीप माझ्या बायकोचा भाऊ. मी हे लेखी कळवलं. उत्तर आलं की नातं दोन्ही बाजूंना सारखंच असल्यामुळे हरकत नाही. असं उत्तर सरकारी कचेरीतच सुचू शकतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी दिल्लीच्या मोहंती मॅडम आणि राज्याचे घोरपडे साहेब वर्गात आले. मोहंती मॅडम पुण्यात शिकलेल्या, मराठी पुस्तकी पण स्वच्छ. त्यांनी बटण उघडून दाखवलं. वर काचेची चकती, खाली हिरवा प्रकाश सोडणारा कण आणि त्याशेजारी कंप टिपणारा बारीक स्फटिक.

"सर, तुम्हाला समजावण्याची गरज नाही," त्या म्हणाल्या, पण समजावलंच.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटाच्या टोकाशी रक्त भरतं आणि ओसरतं. हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो, म्हणून परत येणारा प्रकाश ठोक्यागणिक कमी-जास्त होतो. त्यावरून नाडी कळते. शिवाय आपला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो, सेकंदाला आठ-दहा वेळा तो हलतच असतो, डोळ्याला दिसत नाही इतकंच. माणूस घाबरला की रक्तात ॲड्रेनलिन उतरतं, नाडी चढते, आणि ही थरथर वाढते. बोट बटणाजवळ नेऊन माणूस किती घुटमळतो, दाबताना जोर किती लावतो, हेही उपकरण पाहतं. लाखो स्वयंसेवकांच्या बोटांवर त्याला शिकवलेलं होतं. निर्णय झाला की केंद्राध्यक्षाच्या टेबलावर एक छोटा दिवा लागायचा. मोकळ्या मनाने दिलेलं मत पांढरं, दबावाखालचं पिवळं. मत कुणाला गेलं ते मात्र यंत्राच्या पोटातच राहायचं. सरकारी नाव होतं 'मुक्तमत मापक'. गावाने एका दिवसात त्याचं 'थरथऱ्या' केलं.

"आणि पिवळी एक तृतीयांशाच्या वर गेली तर?" मी विचारलं. नियम मला पाठ होता, पण तो कुणाच्या तोंडून कसा येतो ते बघायचं होतं.

उत्तर घोरपड्यांनी दिलं. "तर तोडकर सर, तुमचा अभिप्राय. 'दबाव खरा' म्हणालात तर पिवळी मतं बाद, आणि नगरपंचायतीच्या पुढच्या सगळ्या निवडणुका दिल्लीच्या ताब्यात. त्यांची तयारी होईपर्यंत गावावर प्रशासक. 'दबाव खोटा' म्हणालात तर हे बटण दिल्लीला परत." मग सहज बोलल्यासारखं, "आबासाहेब तुमचे बंधू ना? भला माणूस."

प्रशासक म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. मागे एकदा आला तो चार वर्षं हलला नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायचं तरी कागद जिल्ह्याला जायचा, आणि जाब विचारायला गावाचा म्हणून एक माणूस कचेरीत नसायचा. म्हणजे गावाला आपली नगरपंचायत राहणार की नाही, हे माझ्या एका सहीवर आलं होतं.

निघताना मोहंती मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली. "याच खोलीत तुम्ही बावीस वर्षं शिकवता ना?"

हे त्यांना कुणी सांगितलं? मी तर सांगितलं नव्हतं.

माझा संशय उपकरणावर नव्हता, आमच्या गावावर होता. आमच्याकडे निवडणूक आली की खंडोबाच्या देवळात भंडारा उचलायचा कार्यक्रम होतो. उमेदवाराची माणसं मतदाराला घेऊन जातात, हातात बेल-भंडारा देतात आणि शपथ घ्यायला लावतात की मत आम्हालाच. लोक सकाळी एकाचा उचलतात, संध्याकाळी दुसऱ्याचा. या वेळीही दोन्ही बाजूंनी देऊळ पिवळंधमक केलं होतं. आता देवाची शपथ मोडणाऱ्याचं बोट थरथरणार नाही तर काय होईल? आणि दिल्लीला त्यातून गुंडगिरी दिसणार, असा माझा हिशेब.

मी घरी जेवताना हे सगळं बायकोला, उज्ज्वलाला सांगितलं. ती वाढत होती.

"हे मशीन फसत नाही बरं का," मी म्हणालो. "माणसाच्या पोटातलं बोटात येतं. त्याला सगळं कळतं."

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं. पण तुला काय त्याचं? तुझं मत तुझं. एकीकडे तुझा भाऊ, एकीकडे माझा. मी काही बोलणार नाही."

तिने मला आणखी आमटी वाढली. माझ्या मोठ्या मनाचं मला कौतुक वाटलं.

मतदानाच्या दिवशी मी फळ्याला पाठ करून बसलो. डावीकडे मोहंती मॅडम, उजवीकडे घोरपडे साहेब, दोघंही एकमेकांच्या हातांवर लक्ष ठेवून. पहिल्यांदा म्हाताऱ्या आल्या. पांढरा, पांढरा, पांढरा. दोन्हीकडचा भंडारा उचललेली गंगूआत्या बटण असं दाबून गेली की जणू भिंतीवरचा ढेकूण चिरडला. तिचाही पांढरा. मग रंगा आला. त्याच्यावर मारामारीच्या दोन केसेस, तो भीती विकणाऱ्यांतला. पांढरा.

मग पिवळे सुरू झाले. मेडिकलवाला प्रसाद, पिवळा. त्याचं दुकान आबाच्या गाळ्यात आहे, तेव्हा कारण कळलं. बँकेतली स्वप्ना, पिवळी. तिच्या नवऱ्याची बदली दिलीपच्या पक्षाने रोखली होती, तेव्हा तेही कळलं. पोलीस असलेला सुहास घाम पुसत आला. पिवळा. पोलिसाला कोण दाबणार? वरून फोन आला असणार, दुसरं काय. प्रत्येक दिव्यामागचं कारण मला दिसत होतं, आणि गाव किती सडलंय ते बघून वाईटही वाटत होतं आणि, खरं सांगायचं तर, माझं बरोबर निघालं याचं समाधानही होत होतं.

दुपारी उज्ज्वला आली. इस्त्रीची साडी, डोक्यावरून पदर. मी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांकडे पाहत होतो तसंच पाहिलं. ती आडोशाआड गेली. वेळ लागला, मग बटणाचा आवाज झाला.

दिवा पिवळा.

ती शाई वाळवत माझ्यासमोरून गेली आणि मान वर केली नाही. बाकीच्यांबद्दल माझ्याकडे कारणं तयार होती. माझ्या बायकोला कोण दाबतंय, हे मात्र मला सुचेना, आणि सुचेना म्हणून मला फार राग आला.

संध्याकाळी मोजणी झाली. पिवळी मतं तृतीयांशाच्या थोडी वर. सगळी धरली तर आबा निवडून येत होता, पिवळी वगळली तर दिलीप. अभिप्राय दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा होता.

घोरपडे मला व्हरांड्यात घेऊन गेले. "सर, भंडाऱ्यामुळे झालंय असं लिहा. धार्मिक भावना. दबाव नाही. तुमच्या बढतीचा विषय बरेच दिवस पडून आहे असं ऐकतो."

ते गेल्यावर मोहंती मॅडम आल्या. "सर, मी काही सुचवत नाही. फक्त आपल्या घरातलं एक मत पिवळं आहे, आणि आपण तिकडे दुर्लक्ष केलंत असं उद्या कुणी म्हणू नये."

एक गाजर आणि एक काठी. दोघांनी मिळून ठरवून वाटून घेतल्यासारखं.

मी तडक दिलीपच्या घरी गेलो. तो मांडवात कार्यकर्त्यांबरोबर चहा पीत होता. त्याला बाजूला घेतला. "खरं सांग, तू उज्ज्वलाला धमकावलंस?"

"दाजी, काय बोलताय?" तो हसायलाच लागला. "ताईला दम द्यायची टाप हाय का माझी? मत मागायला गेलो तर म्हणली, चहा पी आणि चालू लाग, घरात सर हायत."

"घरात सर आहेत, म्हणजे?"

"ते तिलाच इचारा की."

मी घरी आलो तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. उज्ज्वला सोप्यात शेपू निवडत बसली होती. मी चप्पलसुद्धा न काढता विचारलं.

"तुला कुणी काही सांगितलं होतं? मतदानाबद्दल?"

"कोण सांगणार?"

"आबा? त्याची माणसं? भंडारा उचललास का?"

"उचलला की. दोघांचाबी." तिने जुडीचा दोरा सोडला. "गावात कुणी न्हाई उचलला?"

"मग त्याची भीती वाटली तुला? शपथ मोडल्याची?"

"देवाची कसली भीती? देव काय घरी आल्यावर इचारतोय व्हय?"

"मग कुणाची?" माझा आवाज चढला. "कुणाची भीती वाटली? नाव सांग मला!"

तिने जुडी खाली ठेवली. "तुमची."

मी खुर्ची ओढून बसलो.

"दरवेळी मतदान झालं की तुम्ही इचारता," ती म्हणाली. "सहज इचारतो म्हणता, कुणाला दिलंस? मग मी तुम्हाला आवडंल ते नाव सांगते. मग तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसता, खरं बोलत्ये का खोटं."

"मी कधी रागावलो तुला?"

"रागावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं बघता. आणि ह्या बारीला तर म्हणालासा, मशीनला सगळं कळतं. समोर तुम्हीच बसलेला. मला वाटलं, बटन दाबलं की नावच उमटतंय तुमच्या टेबलावर." तिने पदराला हात पुसले. "माझा दिवा लागला ना? पिवळा?"

सांगायची बंदी होती. तरी मी मान डोलावली.

"आणि कुणाकुणाचा?"

"ते सांगता येत नाही."

"नका सांगू. मनात आठवा."

मी आठवायला लागलो, आणि केव्हा ओठ हलायला लागले ते मला कळलं नाही. "प्रसाद... दहावी ब, प्रयोगवहीत दुसऱ्याच्या आकृत्या चिकटवल्या होत्या. स्वप्ना... नववी अ, तिला तासभर फळ्याजवळ उभी केली होती. सुहास... कॉपी करताना धरला, त्याच्या बापाला बोलावून घेतलं..."

मी थांबलो. प्रत्येक नावामागे तुकडी येत होती. गंगूआत्या शाळेची पायरी चढली नव्हती. रंगाने चौथीतच शाळा सोडली, तो माझ्या हाताखाली आलाच नाही. पांढरे दिवे त्यांचे, ज्यांना मी कधी शिकवलं नव्हतं. पिवळे दिवे माझ्या विद्यार्थ्यांचे. चाळिशीला आलेली, पोरंबाळं असलेली माणसं त्याच वर्गात आली होती, त्याच फळ्यासमोर मी त्याच नजरेने बसलो होतो, आणि त्यांची बोटं परीक्षेला बसली होती.

थर्मामीटर ताप आहे एवढं सांगतो, कशाचा ते सांगत नाही, हे मी दरवर्षी आठवीला शिकवतो. आणि दिवसभर त्या दिव्याकडे बघून मी लोकांचे रोग ठरवत बसलो होतो. मला इतकी लाज वाटली की उज्ज्वलाकडे बघवेना.

"पण तू तर माझी विद्यार्थिनी नव्हतीस," मी म्हणालो.

"न्हाई कशी? त्यांना घंटा झाल्यावर सुट्टी तरी व्हायची."

ती पुन्हा शेपू निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी अभिप्राय दोघांच्या समोर वाचून दाखवला. दबाव खरा आहे. तो उमेदवारांचा नाही, देवाचा नाही. तो केंद्राध्यक्षाचा आहे. केंद्राध्यक्ष बदलून, शाळेबाहेरच्या जागी फेरमतदान घ्यावं.

घोरपडे म्हणाले, "सर, असा रकानाच नाही." मोहंती मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडेही नाही." मग दोघांनी आपापले कायदे उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक कलम सारखं सापडलं. केंद्राध्यक्षामुळे मतदानावर परिणाम झाला असेल तर फेरमतदान. बढती गेली आणि खातेनिहाय चौकशी लागली. त्याचं मला वाईट वाटलं, वाटणारच. पण गावावर प्रशासक आला नाही. फेरमतदानात पिवळी मतं तृतीयांशाच्या खूप खाली राहिली, आबा निवडून आला, आणि आता टाकीच्या झाकणासाठी लोक त्याच्या दारात जाऊन भांडतात.

अभिप्राय दिला त्याच दिवशी, मोहंती मॅडम निघताना मी त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? बावीस वर्षं, याच खोलीत. पिवळे दिवे वाढावेत म्हणूनच मला निवडलंत?"

"सर, आम्हाला शिस्तीचा माणूस हवा होता," त्या म्हणाल्या. मग बॅग उचलत म्हणाल्या, "तुमचा अभिप्राय फार उपयोगी आहे. समोर कोण असताना हात थरथरतो, हे पुढच्या आवृत्तीत शिकवता येईल. राज्यानेही तेच मागितलंय."

म्हणजे कोण कुणाला भितो याची माहिती आता दोघींनाही हवी होती. कशासाठी, ते विचारायला मी घोरपड्यांकडे वळलो, तर ते गाडीत जाऊन बसले होते.

फेरमतदान समाजमंदिरात झालं. आता मी साधा मतदार होतो. अध्यक्ष म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एक बाई आल्या होत्या, आणि रांगेत माझ्यामागे उज्ज्वला उभी होती. मी आडोशाआड गेलो, बटणावर बोट ठेवलं, आणि ते हलतंय असं मला वाटलं. बाईंच्या टेबलावर कुठला दिवा लागला ते मला दिसलं नाही.

मी बाहेर पिंपरणीच्या झाडाखाली थांबलो. थोड्या वेळाने उज्ज्वला आली. आम्ही घराकडे चालू लागलो. मी काही विचारलं नाही. ठरवलंच होतं तसं, आणि ते जमतंय म्हणून जरा बरंही वाटत होतं.

चावडीपाशी आल्यावर तिने चालता चालता विचारलं, "कुणाला दिलंत?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती थांबून माझ्या तोंडाकडे बघत होती, नुसतीच बघत होती.

"दिलीपला," मी म्हणालो.

मत मी आबाला दिलं होतं.